मेंदूतला स्टेंट: जाळी कुठली, हे विचारायचं की गोळ्या किती दिवस?

नळस्टॉप :

मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

सासूबाई, वय ६१. डोकं दुखतं म्हणून एमआरआय काढला. दुखण्याचं मूळ मणक्यात निघालं, पण रिपोर्टाच्या तळाशी वेगळीच ओळ होती. डाव्या इंटर्नल कॅरोटिड धमनीवर, डोळ्याकडे जाणारी फांदी फुटते तिच्या शेजारी, ८ मिलिमीटरचा ॲन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला फुगून आलेली पिशवी. फुटलेला नाही. तोंड रुंद.

कर्वे रस्त्यापासून बंडगार्डनपर्यंत फाइल घेऊन फिरून झालं. एक न्यूरोसर्जन म्हणाले क्लिप लावू, म्हणजे पिशवीच्या तोंडाशी बाहेरून चिमटा, कवटी उघडावी लागेल. दुसरीकडे सांगितलं की मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन फ्लो डायव्हर्टर नावाचा स्टेंट, म्हणजे तारांची जाळी, बसवू, डोक्याला हात लावायला नको. चुलत सासऱ्यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, त्यामुळे त्यांचं मत ठाम: "स्टेंटच घाला, मी आठवड्यात सारसबागेत फिरत होतो."

गुंता असा की आईंचा गुडघा बदलायचाय, दिवाळीनंतरची वेळ ठरलेली. बीपीची गोळी चालू. ॲसिडिटीची गोळी सकाळी चहाआधी, वर्षानुवर्षं. कुणी लिहून दिली होती ते आता कुणालाच आठवत नाही. त्यात जाळ्यांची नावं ऐकून गरगरायला लागलंय. पाइपलाइन, सरपास, सिल्क, फ्रेड. यातली चांगली कुठली? कुणाच्या घरी झालंय का?

खवट_पेठकर :

जाळी पेशंटच्या सुनेने निवडायची असते हे नवीनच कळलं. ज्या डॉक्टरांचा हात ज्या जाळीवर बसलाय ती चांगली. विषय संपला.

कॅथलॅबकाका :

पेठकर, उत्तर खवट असलं तरी अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं मी सांगतो.

ताई, मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओ आणि स्टेंट करतात त्या खोलीत, टेक्निशियन होतो, आता निवृत्त. डॉक्टर नाही. टेबलाशेजारी उभं राहून जे पाहिलं तेवढंच सांगणार.

आधी चुलत सासऱ्यांना चहा पाजा आणि या चर्चेतून मोकळं करा. हृदयातला स्टेंट अरुंद झालेली नळी उघडी धरतो. बलून फुगवून तो भिंतीत दाबून बसवतात. तुमच्या आईंची नळी अरुंद नाहीच. तिच्या भिंतीला बाहेरच्या अंगाने पिशवी आली आहे आणि स्टेंटला त्या पिशवीच्या तोंडावरून जायचंय. शिवाय मेंदूतल्या धमन्यांच्या भिंती पातळ. हृदयाच्या धमन्यांना बाहेरून जो लवचीक पदर असतो तो यांना नाही, भोवती स्नायूंचा आधार नाही, नुसतं पाणी. तिथे बलूनचा जोर लावणं धोक्याचं. म्हणून या जाळ्या स्वतःहून उघडणाऱ्या, नायटिनॉलच्या किंवा कोबाल्ट-क्रोमियमच्या तारांच्या. बारीक कॅथेटरमधून मिटून जातात आणि बाहेर ढकलल्या की फुलतात.

(मेंदूतली अरुंद नळी उघडायला स्टेंट वापरून पाहिला गेलाच. २०११ साली सॅम्प्रिस नावाचा अमेरिकन अभ्यास आला, ४५१ रुग्णांचा. पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू: स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ५.८ टक्के. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. तो आजार वेगळा, पण "हृदयात चाललं ते डोक्यात चालेल" म्हणणाऱ्यांना दाखवायला बरा.)

आता तुमच्या यादीबद्दल. मेंदूतला स्टेंट म्हणून दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक विरळ जाळीचा: न्यूरोफॉर्म, एंटरप्राइज वगैरे. हा स्वतः पिशवी बंद करत नाही. पिशवीत प्लॅटिनमच्या बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, भरायची आणि ती घसरून नळीत येऊ नये म्हणून तोंडाशी हा आधार. तोंड ४ मिमी किंवा त्याहून मोठं, किंवा पिशवीची रुंदी तोंडाच्या दुपटीहून कमी, असं असेल तर रुंद तोंडाचा ॲन्युरिझम म्हणतात. तिथे नुसती कॉइल ठरत नाही. दुसरी वस्तू घट्ट विणीची, म्हणजे फ्लो डायव्हर्टर. तुम्ही लिहिलेली चारही नावं याच घरातली. पाइपलाइनमध्ये ४८ तारा विणलेल्या असतात आणि नीट बसली तर ३० ते ३५ टक्के जागा धातूने झाकली जाते. न्यूरोफॉर्म किंवा एंटरप्राइजमध्ये तेच १० टक्क्यांच्या आसपास.

त्यामुळे डॉक्टरांना कंपनी विचारण्याआधी हा फरक विचारा. आणि त्याच्याही आधी विचारा की गोळ्या कुठल्या, किती दिवस, आणि आईंना झेपतील का. रक्तात धातू ठेवला की त्यावर रक्त गोठायला बघतं आणि तिथून सुटलेली गुठळी थेट मेंदूत जाते. म्हणून ॲस्पिरिन, सोबत क्लोपिडोग्रेल किंवा त्याच जातीची दुसरी गोळी. प्रोसिजरच्या आधीपासून सुरू, दोन्ही मिळून साधारण ३ ते ६ महिने, काही डॉक्टर आणखी लांबवतात. मग एकटं ॲस्पिरिन पुष्कळ काळ. दिवाळीनंतरचा गुडघा या वेळापत्रकात कुठे बसतो?

मावळातला_अभियंता :

काका, एक मूलभूत शंका. विरळ जाळी अधिक कॉइल हे समजलं. पण फ्लो डायव्हर्टरमध्ये पिशवीत काहीच भरत नाहीत, वर जाळीला छिद्रंही आहेत. मग ती बंद कशाने होते? आमच्या गावच्या ओढ्याला वळणावर डोह होता. वरच्या अंगाला बांध घालून धार सरळ केली आणि काही पावसाळ्यांत तो गाळाने भरून गेला. तसंच काहीसं का?

कॅथलॅबकाका :

अगदी तसंच. जाळीमुळे पिशवीत घुसणारी धार मोडते, आतलं रक्त मंदावतं, गोठतं. पुढे जाळीच्या तारांवरून आतलं अस्तर वाढत जातं आणि तोंड कायमचं बुजतं. मात्र हे टेबलावर होत नाही. प्रोसिजर संपताना अँजिओत पिशवी बऱ्याचदा दिसतच असते, फक्त आत डाय (नळ्या दिसाव्यात म्हणून सोडलेलं औषध) रेंगाळलेला दिसतो. नातेवाइकांना बाहेर सीडी दाखवली की "अहो, हे तर तसंच आहे" म्हणून चेहरे पडायचे.

आकडे सांगतो. पाइपलाइनला अमेरिकेत २०११ च्या एप्रिलमध्ये मान्यता मिळाली ती पफ्स नावाच्या अभ्यासावर. मोठे आणि अवाढव्य, रुंद तोंडाचे ॲन्युरिझम होते सगळे. ६ महिन्यांनी पूर्ण बंद ७३.६ टक्के, वर्षाने ८६.८ टक्के, ५ वर्षांनी ९५.२ टक्के. म्हणजे काळ जातो तसा बंद होत जातो. कॉइलचं उलट असतं. काही वेळा ती वर्षा-दोन वर्षांत आत दबते आणि तोंड पुन्हा उघडतं.

पण याचाच दुसरा अर्थ असा की पिशवी बंद होईपर्यंत ती फुटण्याची शक्यता पूर्ण गेलेली नसते, आणि त्या काळात पेशंट दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असतो.

मावळातला_अभियंता :

आणि डोळ्याकडे जाणारी फांदी? तिच्या तोंडावरही जाळी येणार ना? ती का बंद पडत नाही?

कॅथलॅबकाका :

फांदीच्या पुढे ऊतक आहे, ते रक्त ओढून घेतं. छिद्रांतून तेवढं जात राहतं. पिशवीच्या पुढे काहीच नाही, ती बंद गल्ली. बहुतेकांची फांदी उघडी राहते. क्वचित बंद पडते, आणि तिथे बाहेरून येणाऱ्या दुसऱ्या वाहिन्यांनी डोळ्याला रक्त मिळत असल्याने पुष्कळांना कळतही नाही. पण दृष्टीवर परिणाम होऊ शकतो हे संमतीपत्रावर असतं आणि ते वाचूनच सही करायची.

तुम्ही अभियंते म्हणून आणखी एक. टेबलावर सगळ्यात जास्त वेळ मापात जातो. पडद्यावर नळीचं त्रिमितीय चित्र गरगर फिरवत बसतात: पिशवीच्या अलीकडे व्यास किती, पलीकडे किती, वळण कुठे. विणलेली जाळी फुलताना आखूड होते. व्यासाला मोठी निवडली तर ती पुरती फुलत नाही, लांबट राहते, छिद्रं मोठी राहतात आणि धार मोडत नाही. लहान निवडली तर भिंतीला टेकत नाही आणि त्या फटीत गुठळी धरते. पहिल्या पाइपलाइनला एकदा सोडली की परत घेणं नव्हतं. पुढच्या फ्लेक्स आवृत्तीत ती अर्धवट सोडलेली असताना परत कॅथेटरमध्ये ओढून नव्याने बसवता येते. पेठकर म्हणतात तो "हात बसणं" इथे लागतो.

हिंजवडी_फेज_तीन :

मला मुळातला प्रश्न पडलाय. करायचंच कशाला? प्रौढांपैकी साधारण ३ टक्के लोकांच्या डोक्यात न फुटलेला ॲन्युरिझम असतो. बहुतेक जण त्याचा पत्ता न लागता वेगळ्याच कारणाने जातात.

२००३ सालच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुढच्या भागातल्या ७ ते १२ मिमीच्या ॲन्युरिझमचा ५ वर्षांत फुटण्याचा धोका २.६ टक्के होता. २०१४ साली आलेल्या, फुटण्याचा धोका मोजायच्या फेजेस गुणपद्धतीने हिशेब केला तर आकाराचे ३, बीपीचा १, वय सत्तरच्या आत म्हणून ०, जागेचा ०. एकूण ४. म्हणजे ५ वर्षांत ०.९ टक्के. दुसऱ्या बाजूला काकांनी सांगितलेल्या पफ्समध्येच मोठा पक्षाघात किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू ५.६ टक्के होता. बीपी आटोक्यात ठेवा, दर वर्षी एमआरए (धमन्यांचा एमआरआय) काढा. बास.

कॅथलॅबकाका :

आकडे बरोबर, वजाबाकी चुकीची. पफ्समधल्या पिशव्यांचा सरासरी आकार १८ मिमीच्या वर होता. त्यांचा धोका ८ मिमीच्या पिशवीला लावू नका. आणि फेजेसचे रुग्ण अमेरिका, युरोप, जपानचे. शिवाय ते गणित पिशवीचं माप बघतं, तिची ठेवण बघत नाही. वेडीवाकडी आहे का, वर छोटं फोड आलंय का, मागच्या स्कॅनपेक्षा वाढलीय का, घरात कुणाला रक्तस्राव झालाय का, पेशंट सिगरेट ओढतो का, हे डॉक्टर जमेला धरतात.

तरी "थांबून बघू" हा खरा पर्याय आहे हे मान्य. दोन्ही डॉक्टरांना तो तोंडाने विचारावा. काय म्हणतात त्यापेक्षा का म्हणतात ते ऐका.

टिळक_रोड :

क्लिपची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून लिहितो. वडिलांना क्लिप लावली. जागा वेगळी होती, मधल्या सेरेब्रल धमनीच्या फाट्यावर, तिथे क्लिप सोयीची पडते म्हणाले.

कपाळाच्या बाजूचा चावायचा स्नायू उलटवून जातात, त्यामुळे जबडा उघडेना. किती तरी दिवस भाकरी दुधात कुस्करून. कानाच्या पुढचा भाग अजून थोडा खोलगट दिसतो. पण नंतरच्या अँजिओत पिशवी गायब, आणि गोळी? एकही नाही. पुढे हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जनने काही विचारलंसुद्धा नाही.

गुडघा करायचाच असेल आणि लवकर करायचा असेल, तर हा मुद्दा तराजूत टाका.

कॅथलॅबकाका :

टाकायलाच हवा. मात्र डोळ्याच्या फांदीपाशी क्लिप लावताना हाडाचा एक कोपरा घासावा लागतो आणि दृष्टीची नस खेटून असते. त्या जागेवर फ्लो डायव्हर्टर जास्त सुचवला जातो तो यामुळे.

मधुरा_कोथरूड :

आमचं फुटलेलं होतं. नवरा, वय ४४. गाडी लावून वर आला आणि म्हणाला, "डोक्यात कुणीतरी काठी मारली." पुढचं वाक्य पूर्ण झालं नाही.

त्या रात्री मला "स्टेंट टाका ना, पैसे भरते" एवढंच सुचत होतं. डॉक्टरांनी बसवून सांगितलं की फुटलेल्या पिशवीत शक्यतो स्टेंट टाळतात. स्टेंट म्हणजे दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आणि इथे आत्ताच रक्त सांडलंय. वर मेंदूतलं पाणी तुंबलं तर कवटीला भोक पाडून नळी टाकावी लागते; गोळ्या चालू असताना ती टाकणं म्हणजे आणखी रक्तस्राव ओढवून घेणं. म्हणून तोंड रुंद असूनही बलून लावून कॉइल भरली. कॉइल भरेपर्यंत तोंडाशी बलून फुगवून धरायचा, मग मिटवून काढून घ्यायचा. मागे काही राहत नाही.

त्यानंतरचा आयसीयू लांबला. निमोडिपिनच्या गोळ्या दर ४ तासांनी, २१ दिवस, रात्रीसुद्धा उठवून. धमन्या आकसण्याची भीती साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जास्त असते, त्या काळात डॉक्टर राउंडला आले की आधी हात वर करायला सांगायचे, मग हाक मारायचे.

काही महिन्यांनी अँजिओत तळाशी तोंड थोडं उघडं दिसलं. तेव्हा सगळं निवलेलं होतं, मग निवांतपणे गोळ्या सुरू करून स्टेंट घातला. तोच माणूस, तोच ॲन्युरिझम. आधी स्टेंट नको होता आणि नंतर हवा होता, ते फक्त गोळ्यांमुळे.

कॅथलॅबकाका :

ताई, हे फार नेमकं लिहिलंत. फुटलेल्यांसाठी कॉइल की क्लिप हा वाद २००२ सालच्या आयसॅट अभ्यासाने बराच मिटवला. २१४३ रुग्ण. वर्षभराने मृत किंवा परावलंबी: कॉइलवाले २३.७ टक्के, क्लिपवाले ३०.६ टक्के. पण त्यात दोन्ही चालतील असेच रुग्ण घेतले होते हे विसरायचं नाही. आणि सुटी करता येणारी कॉइल इटलीच्या गुग्लिएल्मी यांनी लॉस एंजेलिसमध्ये १९९० साली पहिल्यांदा माणसात वापरली. माझी नोकरी लागली तेव्हा हे तंत्र किती नवं होतं ते आता कळतंय.

वडगाव_धायरी :

वेब नावाची पिशवीच्या आत बसणारी जाळी ऐकली आहे. नळीत धातू नाही म्हणून गोळ्याही फारशा नाहीत म्हणे. ती का नको?

कॅथलॅबकाका :

खरं आहे. अमेरिकेत तिला २०१८ च्या अखेरीस मान्यता मिळाली. पण ती फाट्यावरच्या पिशवीसाठी, जिथे धार सरळ आत येते. यांची पिशवी नळीच्या बाजूला. तिथे ती सहसा बसवत नाहीत.

औंधची_औषधवाली :

मी हॉस्पिटल फार्मसीत आहे. काका गोळ्यांवर इतका जोर देतायत ते बघून बरं वाटलं, कारण गोंधळ आमच्या खिडकीवर दिसतो.

ताई, ती चहाआधीची ॲसिडिटीची गोळी कुठली ते पाकीट उलटून बघा. ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती कामाची नसते. यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं एंझाइम तिला कामाला लावतं. ओमेप्राझोल नेमकं त्याच एंझाइमला अडवतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २००९ सालीच हा इशारा दिलाय. सहसा पँटोप्राझोलवर नेतात. आपल्याकडे ही गोळी लोक औषध समजतच नाहीत. डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" विचारलं तर "काही नाही" म्हणतात.

दुसरं, काही जणांत ते एंझाइम जन्मतःच मंद असतं, आणि आपल्या भागातल्या लोकांत हे प्रमाण दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही. त्यांच्यावर क्लोपिडोग्रेल नीट चालतच नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी प्रोसिजरच्या आधी प्लेटलेटवर गोळीचा परिणाम किती झालाय याची रक्ततपासणी करतात. परिणाम कमी दिसला तर टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा, चुकवून चालत नाही, आणि काहींना सुरुवातीला दम लागल्यासारखं होतं. आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर प्रासुग्रेल देत नाहीत. शिवाय तपासणीत परिणाम फारच जास्त दिसला तरी काळजी, कारण मग रक्तस्राव.

तिसरं, गुडघा दुखतो म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेणं बंद. पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनच्या कामातही आड येतं. दात काढायचा असेल तर डेंटिस्टच्या सांगण्यावरून परस्पर गोळ्या थांबवायच्या नाहीत. आधी न्यूरोवाल्यांना फोन. दुखरी दाढ शक्यतो स्टेंटच्या आधीच निपटून टाकलेली बरी.

खवट_पेठकर :

हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्याजोगा. वाचनखूण साठवली.

बिलाचा_बळी :

पैशांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी. २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमती बांधल्या त्या हृदयाच्या स्टेंटच्या. मेंदूच्या जाळीला तो दर दाखवून भांडू नका, मी भांडलोय. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली, तेव्हापासून छापील किंमत वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढाच आधार.

फ्लो डायव्हर्टर महागच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेने बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या नायटिनॉलमधून देशी फ्लो डायव्हर्टर तयार केला, आणि २०२० साली त्याचं तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्याच बायोरॅड मेडिसिसला दिलं. त्या वेळच्या सरकारी पत्रकात आयात जाळीची किंमत ७ ते ८ लाख सांगितली होती. त्यावरून अंदाज घ्या.

विमा असेल तर रूमच्या वर्गावरून होणारी प्रमाणशीर कपात इम्प्लांटच्या रकमेला लावता येत नाही; विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२० च्या सूचनांत तसं आहे. आम्हाला लावली होती. लेखी हरकत घेतल्यावर परत मिळाली. कंपनीचं नाव घेत नाही, पण क्लेम मंजूर झाला म्हणून बिल न वाचता पेढे वाटू नका.

विमा नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, ही प्रोसिजर आणि हे इम्प्लांट पॅकेजात कसं बसतं ते दाखल होण्याआधी विचारा. पुण्यातली कित्येक मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. त्यासाठी रुग्णालयाला बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समाजसेवा विभागात जायचं, आणि तेही आधी. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर फक्त सहानुभूती मिळते.

नळस्टॉप :

सगळ्यांचे आभार. थोडं पुढे सरकलंय.

मनगटातून डीएसए, म्हणजे मेंदूची अँजिओ, झाली. डॉक्टरांनी पडद्यावर पिशवी फिरवून दाखवली. आई स्वतः खुर्ची पुढे ओढून बघत होत्या. एका बाजूला छोटं फोड आहे, तोंड ५ मिमी. "थांबून बघू" बद्दल विचारलं तर ते फोड दाखवून म्हणाले, हे नसतं तर मीच थांबा म्हटलं असतं.

या वेळी मी जाळ्यांची यादी घरीच ठेवली आणि गोळ्यांचा कागद पुढे केला. ॲसिडिटीची गोळी ओमेप्राझोलच निघाली. बंद. न्यूरोवाले आणि गुडघेवाले यांचं आमच्यासमोर फोनवर बोलणं झालं. ठरलं असं की दोन गोळ्या चालू असताना गुडघ्याला कुणी हात लावणार नाही. एकट्या ॲस्पिरिनवर आल्यावर तो करता येईल. उलट क्रम, म्हणजे आधी गुडघा, हाही पर्याय त्यांनी मोकळेपणाने ठेवला होता. आईंनीच सांगितलं, "पाय काठीवर चालतो. डोक्याचं आधी उरका."

रक्ततपासणीत क्लोपिडोग्रेल फारशी चालत नाही असं आलं. आता टिकाग्रेलॉर. जिन्यात दम लागतोय, पण औषधवाल्या ताईंनी आधीच सांगून ठेवल्यामुळे घाबरगुंडी उडाली नाही. डॉक्टरांच्या कानावर घातलंय.

औंधची_औषधवाली :

उत्तम. मोबाइलला दोन गजर लावा, सकाळ-संध्याकाळ. आणि घरात स्ट्रिप संपायच्या आत दुसरी आणा. रविवारी दुपारी पुण्यात कुठलं दुकान उघडं असेल याच्या भरवशावर राहू नका.

खवट_पेठकर :

रविवारी कशाला, दुपारी एक ते चार रोजच. एक खरा प्रश्न. आमच्या सौभाग्यवतींना खोटे दागिने घातले की गळ्याला पुरळ येतं. निकेल म्हणे. नायटिनॉलमध्ये निकेल असतं ना?

कॅथलॅबकाका :

असतं, निम्म्याच्या आसपास. कोबाल्ट-क्रोमियमच्या तारांतही थोडंफार असतं. त्वचेला पुरळ येतं म्हणजे जाळी चालणारच नाही असं नाही, पण डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.

नळस्टॉप :

धागा वर काढते. झालं. पूर्ण भूल देऊन, मांडीतून. नंतर तो पाय सरळ ठेवून पडून राहायचं होतं, आईंना तेवढंच जड गेलं.

बसवलेल्या जाळीच्या खोक्यावरचा स्टिकर, लॉट नंबरसकट, केसपेपरवर चिकटवला होता, त्याचा फोटो काढून ठेवलाय. सोबत इम्प्लांट कार्ड. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर हेच दाखवायचं, म्हणाले. बांगडी जरा आपटली तरी हातावर हिरवंनिळं उमटतं, आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून मऊ ब्रश. ६ महिन्यांनी पुन्हा अँजिओ.

आता यांच्या मनात घोळतंय की मुलाने, म्हणजे यांनी आणि नणंदेने एमआरए काढावा का?

कॅथलॅबकाका :

घरात एकालाच असेल तर सरसकट तपासणी सहसा सुचवत नाहीत. दोन किंवा जास्त सख्ख्या नातेवाइकांना ॲन्युरिझम किंवा त्यातून रक्तस्राव झाला असेल, किंवा घरात किडनीला गाठी येण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर करतात. आईंच्या भावंडांत, आईवडिलांत कुणी "अचानक डोकं दुखून गेलं" असं आहे का, ते आधी विचारा. बीपी मात्र दोघांनी आजच मोजा. आणि यजमान सिगरेट ओढत असतील तर मोजण्याआधी ती विझवा.